संशोधनाचा खर्च कोणी सोसावा?

गावोगावी भरणाऱ्या शेतकरी मेळाव्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. सरकार संशोधन केंद्रांवर दरवर्षी मोठी रक्कम खर्च करते. तेथील शास्त्रज्ञ दहा-दहा, बारा-बारा वर्षे एकाच पिकावर प्रयोग करीत राहतात. त्यापेक्षा तोच पैसा खते स्वस्त करण्यासाठी अथवा विहिरी खोदण्यासाठी दिला, तर शेतकऱ्याच्या पदरात आजच्या आज काही पडणार नाही काय?

हा प्रश्न विचारणारा शेतकरी बहुधा जाणता असतो. घरचा पैसा कोठे गुंतवावा आणि कोठे गुंतवू नये, याचा निर्णय त्याला प्रत्येक हंगामात घ्यावा लागतो. सरकारी खर्चाकडेही तो त्याच नजरेने पाहतो, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून त्याचा प्रश्न हसण्यावारी नेता कामा नये. ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला त्याचे उत्तर देता आले पाहिजे, आणि ते उत्तर हिशेबाच्या भाषेत असले पाहिजे.

या लेखात ते उत्तर एका परिचित पिकाच्या आधारे शोधण्याचा प्रयत्न केला आहे. ते पीक म्हणजे ऊस. उसाच्या जातींचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे संशोधनाचा खर्च कोण करतो, फळ कोणाला मिळते आणि खर्च थांबला तर काय होते, या तिन्ही गोष्टी स्पष्ट दिसून येतात.

पुंड्यापासून नव्या जातींकडे

विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या कालव्यांवर मुख्यत्वे पुंड्या ऊस लावला जात असे. हा ऊस जाड, मऊ व रसाळ असे. परंतु त्याला खत भरपूर लागे, पाणी भरपूर लागे, आणि रोगापुढे त्याचा टिकाव लागत नसे. उत्तर हिंदुस्थानात याच्या उलट स्थिती होती. तेथील देशी ऊस काटक होता, पण बारीक व कमी उताऱ्याचा होता. शेतकऱ्याने कितीही मेहनत केली तरी या जातींच्या अंगभूत मर्यादेपलीकडे उत्पन्न जाणे शक्य नव्हते.

ऊस हे पीक टिपरी लावून वाढविले जाते. टिपरीतून येणारा ऊस हा मूळ उसासारखाच असतो. त्यात नवे गुण येत नाहीत. नवा गुण आणावयाचा तर उसाला तुरा आला पाहिजे, दोन जातींचा संकर झाला पाहिजे, आणि तुऱ्यातील सूक्ष्म बीजापासून रोप तयार झाले पाहिजे. उसाच्या तुऱ्यात उगवणारे बी असते, ही गोष्टच मुळी १८८० नंतरच्या दशकात जावा व बार्बाडोस येथील संशोधकांनी निश्चितपणे सिद्ध केली. त्यानंतर उसाच्या पैदाशीचे शास्त्र खऱ्या अर्थाने सुरू झाले.

हिंदुस्थानात १९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. तेथील हवामानात उसाला तुरा चांगला येतो, हे ती जागा निवडण्याचे प्रमुख कारण होय. डॉ. सी. ए. बार्बर आणि त्यांच्या मागून टी. एस. वेंकटरमण यांनी तेथे एक धाडसाचा प्रयोग केला. जाड व गोड उसाचा संकर त्यांनी उत्तरेत ‘कास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, उसाच्याच कुळातील एका रानटी गवताशी घडवून आणला. या गवतात गोडवा जवळजवळ नाही. पण काटकपणा विपुल आहे. या संकरातून निवडलेली ‘को २०५’ ही जात १९१८ साली पंजाबातील शेतकऱ्यांसाठी प्रसृत झाली, आणि तिने स्थानिक जातींना फार मागे टाकले. ‘को’ हे अक्षर कोइमतूरचे होय. आज आपल्या शेतातील उसाच्या नावात जे ‘को’ येते, त्याचा उगम हा आहे.

दख्खनसाठीही पुढे तसेच घडले. नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रात, सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. कोइमतूरहून येणाऱ्या नव्या जाती दख्खनच्या जमिनीत व हवेत कशा ठरतात, त्यांना खत व पाणी किती लागते, लावण केव्हा करावी, याची पारख येथे होऊ लागली. यांतूनच ‘को ४१९’ ही जात कालव्यांच्या भागात पसरली आणि कित्येक वर्षे टिकून राहिली. तिच्या मागून ‘को ७४०’ आली. पुढे ‘को ८६०३२’ आली. हीच जात महाराष्ट्रात ‘नीरा’ या नावाने परिचित आहे. पाडेगावने स्वतः निवडलेली ‘को एम ०२६५’, म्हणजेच ‘फुले २६५’, ही त्यानंतरची.

बेणे विकून खर्च का निघत नाही?

आता हिशेबाकडे वळू. एक नवी ऊस जात तयार व्हावयास किती काळ लागतो? ‘को ८६०३२’ या नावातच त्याचे उत्तर आहे. यातील पहिले दोन अंक १९८६ हे निवडीचे वर्ष दर्शवितात. महाराष्ट्रात तिची शिफारस १९९६ साली झाली. म्हणजे निवड झाल्यापासून शिफारस होईपर्यंत दहा वर्षे गेली; त्यापूर्वीची संकराची व रोपे वाढविण्याची वर्षे निराळीच. या काळात हजारो रोपे पाहून त्यांतील बहुतेक टाकून द्यावी लागतात. कोणाचा उतारा कमी, कोणाला काणी लागते, कोणाचा खोडवा चांगला येत नाही, कोणता ऊस लोळतो. अखेर हाती एखादीच जात राहते, आणि काही वेळा तीही राहत नाही.

समजा, एखाद्या धाडसी व्यापाऱ्याने हा सर्व खर्च स्वतः केला. नवी जात तयार झाली. पहिल्या वर्षी त्याने चढ्या भावाने बेणे विकले. दुसऱ्या वर्षी काय होईल? ज्याने बेणे घेतले त्याच्या शेतात एकराला कित्येक एकर पुरेल इतके नवे बेणे उभे असेल. तो ते भावाला देईल, व्याह्याला देईल, शेजाऱ्याला विकेल. तिसऱ्या वर्षी त्या जातीचे बेणे तालुकाभर मिळू लागेल, आणि व्यापाऱ्याकडे कोणी फिरकणार नाही. शेतकऱ्याने यात काहीही गैर केलेले नाही. आपल्या देशात २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने घरचे बियाणे राखण्याचा, देवघेव करण्याचा व नाममुद्रेविना विकण्याचा हक्क शेतकऱ्याला स्पष्टपणे दिलेला आहे. परंतु याचा अर्थ असा की, उसाची नवी जात काढणाऱ्याला तिच्या लाभाचा अगदी थोडा अंश हाती लागतो. बाकीचा सर्व लाभ समाजात वाटला जातो.

याच कारणामुळे खाजगी भांडवल सर्व पिकांकडे सारख्या उत्साहाने वळत नाही. संकरित मका, संकरित कापूस यांचे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते, कारण घरी राखलेल्या बियांत संकराचा जोम टिकत नाही. तेथे कंपनीला दरवर्षी गिऱ्हाईक असते, म्हणून कंपनी संशोधनावर खर्च करते. असे असले तरी जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस ‘एच ४’ हा १९७० साली सुरतेच्या सरकारी संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केला होता, हे विसरता कामा नये. वाट सार्वजनिक पैशाने पडली. व्यापार तिच्यावरून मागाहून चालू लागला. ऊस, गहू, हरभरा, तूर यांसारख्या पिकांत मात्र शेतकरी बियाणे घरी राखू शकतो. तेथे खाजगी भांडवलाला मोबदला मिळण्याचा मार्ग अरुंद आहे, आणि म्हणून सार्वजनिक खर्चावाचून गत्यंतर राहत नाही.

एक साधा हिशेब

पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून कल्पिलेले आहेत. ग्रामसभेत फळ्यावर मांडण्यास ते सोयीचे पडतील.

समजा, एका ऊस पैदास योजनेवर दरवर्षी १ कोटी रुपये, याप्रमाणे १२ वर्षे खर्च झाला. एकूण १२ कोटी रुपये झाले. परंतु हा पैसा बँकेत ठेवला असता तर त्यावर व्याज मिळाले असते. दरसाल शेकडा १० या दराने चक्रवाढ व्याज धरले, तर बाराव्या वर्षाअखेर ही रक्कम सुमारे २१ कोटी रुपये होते. संशोधनाचा खरा खर्च हाच धरला पाहिजे.

आता लाभ पाहा. नव्या जातीमुळे एकरी फक्त एक टन ऊस अधिक मिळाला, आणि तोडणी-वाहतूक व इतर खर्च वजा जाता त्यातून निव्वळ २,००० रुपये शिल्लक राहिले, असे समजू. ही जात १ लाख एकरांवर पसरली तर एका वर्षाचा लाभ २० कोटी रुपये होतो. म्हणजे बारा वर्षांचा व्याजासह सर्व खर्च एक वर्ष व थोड्या दिवसांत भरून निघाला. ती जात पंधरा वर्षे टिकली तर पुढील चौदा वर्षांचे उत्पन्न हा समाजाचा निव्वळ नफा होय. महाराष्ट्रात अलीकडच्या हंगामांत उसाखालील क्षेत्र दहा लाख हेक्टरांहून अधिक राहिले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे एक लाख एकरांचा अंदाज मुळीच मोठा नाही, हे पटेल.

हाच हिशेब आता एका शेतकऱ्याच्या बाजूने करून पाहा. त्याच्याकडे दोन एकर ऊस आहे. नव्या जातीपासून त्याला वर्षाला ४,००० रुपये अधिक मिळतील. या चार हजारांसाठी तो १२ वर्षे दरसाल १ कोटी रुपये खर्च करील काय? अर्थातच नाही. जे काम सर्वांनी मिळून केल्यास अतिशय किफायतीचे आहे, तेच काम एकट्याने केल्यास दिवाळखोरीचे आहे. गावचा बंधारा, गावचा रस्ता यांची गोष्ट अशीच असते. संशोधन हाही एक बंधारा आहे. त्याचे पाणी मात्र गावच्या शिवेवर अडत नाही.

या हिशेबावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येक योजना यशस्वी होत नाही. दहा योजनांपैकी कित्येकांतून एकही चांगली जात निघत नाही. तेव्हा यशस्वी योजनेच्या लाभातून अयशस्वी योजनांचा खर्चही वजा केला पाहिजे. अर्थशास्त्रज्ञांनी हा आक्षेप ध्यानात घेऊनच या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. झ्वी ग्रिलिचेस या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली अमेरिकेतील संकरित मक्याच्या संशोधनाचा हिशेब प्रसिद्ध केला. सरकारी व खाजगी असा दोन्ही खर्च धरून त्याने असे दाखविले की, १९५५ पर्यंत या संशोधनात घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे अमेरिकेच्या समाजाला दरवर्षी किमान सात डॉलर मिळत होते. हे एका यशस्वी संशोधनाचे उदाहरण आहे, सर्वच संशोधनाचे फळ असे असेल असे समजू नये, असा इशाराही त्याने दिला होता. त्यानंतर जगभर असे शेकडो अभ्यास झाले. फळाचे प्रमाण कोठे अधिक, कोठे कमी आढळले. परंतु शेती संशोधनावरील खर्च एकंदरीने उत्तम परतावा देतो, हा निष्कर्ष कायम राहिला. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत कृषी संशोधन व शिक्षण यांवरील प्रत्येक रुपयामागे १३.८५ रुपयांचा लाभ होतो, असे नमूद केले आहे.

मग एवढा मोठा लाभ असूनही या खर्चावर कात्री चालविण्याचा मोह वरचेवर का होतो? कारण उघड आहे. खर्च आज दिसतो. फळ बारा वर्षांनी दिसते. खर्च एका ठिकाणी अंदाजपत्रकात लिहिलेला असतो. फळ लाखो शेतांत थोडे थोडे विखुरलेले असते, आणि ते कोणाच्याही वहीत ‘संशोधनाचे उत्पन्न’ म्हणून जमा होत नाही. शेतकरी म्हणतो, यंदा ऊस चांगला आला. बेण्यामागे कोणाची किती वर्षे गेली, हे त्याला माहीत नसते.

शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी केली तर?

खर्च एकट्याला झेपत नाही हे खरे. पण म्हणून तो सरकारनेच केला पाहिजे असे नाही. ज्यांचा लाभ समान आहे त्यांनी एकत्र येऊन वर्गणी करणे, हा दुसरा मार्ग आहे. जावा बेटातील साखर कारखानदारांनी तो चोखाळला. तेथे ‘सेरेह’ नावाच्या रोगाने उसाचे मळे उद्ध्वस्त होऊ लागले, तेव्हा कारखानदारांनी आपल्या खर्चाने संशोधन केंद्रे चालविली. पासुरुआन येथील केंद्रात १९२१ साली केलेल्या संकरातून ‘पीओजे २८७८’ ही जात निघाली. रानटी उसाचा काटकपणा तिच्यात उतरला होता. दहा वर्षांच्या आत जावातील बहुतेक ऊसक्षेत्र तिने व्यापले.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. जावाच्या कारखानदारांनी खर्च केलेली ही जात दख्खनच्या कालव्यांवरही लावली गेली. कोइमतूर येथे तिचा ‘को २९०’ शी संकर झाला, आणि त्यातून आपली ‘को ४१९’ जन्मास आली. जावाच्या खर्चाचे फळ आपल्या शेतकऱ्यास मिळाले. उलट, कोइमतूरच्या ‘को २८१’ व ‘को २९०’ या जाती अमेरिकेतील लुइझियाना प्रांतापर्यंत गेल्या; आणि कोइमतूर येथे केलेल्या संकराच्या बियांपासून दक्षिण आफ्रिकेत निवडलेली ‘एनको ३१०’ ही जात अनेक देशांत पसरली. आपल्या खर्चाचे फळ त्यांना मिळाले. ज्ञान हे असे देवाणघेवाणीने वाढते. मात्र ज्याच्याजवळ स्वतःचे संशोधन केंद्र नाही, त्याला दुसऱ्याच्या शोधाची पारख करता येत नाही, आणि आपल्या जमिनीला ती जात मानवेल की नाही हेही कळत नाही. पाडेगाव नसते तर कोइमतूरची जात दख्खनमध्ये इतक्या खात्रीने रुजली नसती.

आपल्याकडे जावाप्रमाणे मोजके बडे कारखानदार नव्हते. एक-दोन एकर ऊस लावणारे असंख्य शेतकरी होते. त्यांनी घरोघर फिरून संशोधनासाठी वर्गणी जमवावी, हे घडणे अशक्य होते. म्हणून प्रथम हा भार सरकारने उचलला. काही पिकांच्या बाबतीत मालावर लहानसा कर बसवून पैसा उभा करण्याची युक्ती योजण्यात आली. १९२१ साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली, आणि १९२३ च्या कायद्यान्वये कापसाच्या गाठींवर उपकर बसवून तिचा खर्च चालविण्यात आला. गाठीमागे द्यावी लागणारी रक्कम इतकी अल्प होती की कोणास ती जाणवू नये. पण सर्व गाठी मिळून तिच्यावर संशोधन केंद्रे चालली.

पुढे महाराष्ट्रात सहकाराने नवी सोय निर्माण केली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या अखेरीस गाळप सुरू केले, आणि त्यापाठोपाठ सहकारी कारखान्यांचे जाळे विणले गेले. हजारो लहान ऊस उत्पादकांचा हिशेब आता एका काट्यावर होऊ लागला. जेथे हिशेब एका ठिकाणी होतो तेथे वर्गणी गोळा करणे सोपे जाते. १९७५ साली राज्यातील साखर कारखान्यांनी पुण्याजवळ मांजरी येथे संशोधन संस्था उभारली. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. गाळलेल्या उसाच्या टनामागे अल्पशी रक्कम देऊन कारखाने तिला आधार देतात. म्हणजे आज आपण कारखान्याला घातलेल्या प्रत्येक टनात संशोधनाचा लहानसा वाटा आहे. ज्याचा वाटा आहे त्याला त्याचा हिशेब विचारण्याचा हक्कही आहे. कोणते काम चालू आहे, कोणत्या जाती तपासल्या जात आहेत, आपल्या भागातील चोपण जमिनीसाठी काय चालले आहे, हे प्रश्न कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासदांनी अवश्य विचारावेत.

तथापि, अशी वर्गणी सरकारी खर्चाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. उसाचा उतारा वाढला तर कारखान्याला फायदा, उत्पादकाला फायदा आणि अखेर साखर खाणाऱ्या प्रत्येक कुटुंबालाही फायदा होतो. मग त्याचा सर्व खर्च एकट्या उत्पादकाने का सोसावा? ज्या शोधाचे फळ सर्वांना मिळते, त्याचा खर्च सर्वांच्या करातून व्हावा, हे न्यायाचे आहे.

जे विकता येत नाही ते ज्ञान

नवी जात निदान बेण्याच्या रूपाने डोळ्यांना दिसते. संशोधनाची काही फळे तर विकावयाची म्हटली तरी विकता येत नाहीत. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आढळला, आणि पाहता पाहता तो महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या ऊस पट्ट्यांत पसरला. पानांच्या मागे कापसासारखा पांढरा थर, चिकट स्राव, त्यावर वाढणारी काळी बुरशी, असे भयंकर दृश्य शेतोशेती दिसू लागले. औषधे फवारावयाची तर उंच वाढलेल्या उसात शिरणे कठीण, आणि खर्च न परवडणारा.

संशोधकांनी या किडीच्या नैसर्गिक शत्रूंकडे लक्ष वेधले. ‘डिफा’ ही मावा खाणारी अळी, ‘मायक्रोमस’ हा मित्रकीटक आणि ‘एन्कार्शिया’ ही चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी यांची ओळख शेतकऱ्यांना करून देण्यात आली. मित्रकीटक असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन ठेवण्याची साधी पद्धत गावोगावी दाखविण्यात आली, आणि त्यांच्या साह्याने ही कीड आटोक्यात आली. येथे विकण्यासारखे काय होते? मित्रकीटक एका शेतात सोडला की तो शेजाऱ्याच्या शेतात उडून जातो. तो पैसे दिलेल्या व न दिलेल्या शेतकऱ्यात भेद करीत नाही. अशा उपायात कोणताही व्यापारी भांडवल घालणार नाही. कीटकनाशक विकणाऱ्याला तर तो नकोच असतो. अशा वेळी पगारी, निःपक्षपाती व कीटक ओळखणारा संशोधक आधीपासून नेमलेला असावा लागतो. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

संशोधन एकदा करून भागत नाही

पुष्कळांची अशी समजूत असते की, एकदा चांगली जात मिळाली म्हणजे संशोधनाचे काम संपले. ऊस या बाबतीत वारंवार धडा देत आला आहे. ‘को ७४०’ ने दख्खनमध्ये मोठे नाव मिळविले, परंतु ती काणी रोगाला बळी पडणारी ठरली. अलीकडचे उदाहरण उत्तर प्रदेशाचे आहे. डॉ. बक्षी राम यांनी निवडलेली ‘को ०२३८’ ही जात २००९ साली प्रसृत झाली. तिचे उत्पन्न अधिक आणि साखरही अधिक. काही वर्षांतच उत्तर प्रदेशातील निम्म्याहून कितीतरी जास्त ऊसक्षेत्र तिने व्यापले, आणि शेतकरी व कारखाने दोघांच्याही हाती पैसा आला. परंतु एकच जात इतक्या मोठ्या क्षेत्रावर पसरली की तिच्यावर पोसणारा रोगही पसरतो. लाल कूज या रोगाने पुढे तिला ग्रासले, आणि तिच्या जागी दुसऱ्या जाती आणण्याची धावपळ करावी लागली.

रोगाचे जंतू बदलतात, किडी नव्या प्रदेशात शिरतात, पाऊस आपला वेळ सोडतो. आज मिळत असलेले उत्पन्न उद्या टिकविण्यासाठीसुद्धा संशोधन चालू ठेवावे लागते. बांध दरवर्षी घालावा लागतो, नाही तर माती वाहून जाते. त्यातलाच हा प्रकार. म्हणून टंचाईच्या वर्षी संशोधनाचा पैसा कापून पुढे कधी तरी तो भरून काढू, असे म्हणता येत नाही. संकराची एक साखळी तुटली तर ती पुन्हा जोडण्यास दहा-बारा वर्षे लागतात.

ज्या पिकांना कारखाना नाही

उसाची गोष्ट येथवर सांगितली. पण तिच्यातील एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उसाला पाणी आहे, कारखाना आहे, संघटना आहे, आणि म्हणून वर्गणीही आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीला, तुरीला, हरभऱ्याला यांपैकी काहीच नाही. ज्वारीच्या पोत्यामागे संशोधनाची वर्गणी कापून घेणारा काटा कोठे आहे?

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही जात विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातील. तिची भाकरी, तिचा कडबा, अवर्षणात तग धरण्याचा तिचा गुण यांमुळे ती पिढ्यान्‌पिढ्या शेतात टिकून राहिली. सरकारी केंद्रावरील एका साध्या निवडीने किती काळ फळ द्यावे, याचे हे उत्तम उदाहरण आहे. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. उसाच्या जाती या काळात चार-पाच वेळा बदलल्या. रब्बी ज्वारीचा शेतकरी मात्र दीर्घकाळ त्याच एका जातीवर अवलंबून राहिला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ यांसारख्या जाती दिल्या, हरभऱ्यात ‘विजय’ व ‘दिग्विजय’ दिल्या, हे खरे. तरीही ज्या पिकामागे पैसा नाही व आवाज नाही, त्या पिकाच्या वाट्याला संशोधन कमी येण्याचा धोका नेहमीच असतो. सार्वजनिक पैशाची खरी गरज येथेच सर्वांत अधिक आहे. कारण येथे दुसरा कोणीही खर्च करणार नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

संशोधनाचा पैसा सत्कारणी लागण्यासाठी प्रयोगशाळेइतकेच गावातील कामही महत्त्वाचे आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. नव्या जातीचे प्रात्यक्षिक घेताना शेजारीच जुन्या जातीचा तेवढाच तुकडा ठेवावा. खत, पाणी, लावणीची तारीख दोहोंना सारखी असावी. दोन्ही तुकड्यांचे वजन काट्यावर करावे. नजरेच्या अंदाजावर विसंबू नये.

२. नवी जात जुनीपेक्षा कमी ठरली तर तेही वहीत लिहावे व वरिष्ठांना कळवावे. अपयशाची खरी नोंद ही यशाच्या खोट्या नोंदीपेक्षा शतपटीने उपयोगी असते.

३. उसाचे बेणे वर्षानुवर्षे तेच वापरल्यास रोग साठत जातात. मूलभूत, पायाभूत व प्रमाणित या क्रमाने वाढविलेल्या बेणे मळ्यातील बेणे घेण्याची सवय शेतकऱ्यांना लावावी. बारा वर्षांचे संशोधन खराब बेण्यामुळे एका हंगामात वाया जाते.

४. शिवारात पूर्वी न दिसलेला रोग अथवा कीड दिसली तर नमुना लगेच जवळच्या संशोधन केंद्राकडे पोहोचवावा. नवी आपत्ती प्रथम शेतकऱ्याच्याच दृष्टीस पडते.

५. गावात एकाच जातीचा ऊस सर्वत्र लावला जात असेल तर त्यातील धोका समजावून सांगावा, व दोन-तीन शिफारस केलेल्या जाती राखण्याचा आग्रह धरावा.

६. शेतकऱ्यांच्या अडचणी प्रश्नाच्या रूपाने लिहून केंद्राकडे पाठवाव्यात. जे प्रश्न केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत, त्यांवर संशोधन होत नाही. आणि मग संशोधन निरुपयोगी आहे अशी तक्रार करण्यात अर्थ राहत नाही.

मेळाव्यातील त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे शेवटी परत येऊ. खत स्वस्त झाले तर त्याचा लाभ एका हंगामापुरता. खत संपले की लाभ संपला. विहीर खोदली तर तिचे पाणी एका कुटुंबाला. या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत, आणि त्या झाल्याच पाहिजेत. पण खत घालावयाचे ते कोणत्या पिकाला, आणि पाणी द्यावयाचे ते कोणत्या जातीला, हे संशोधनाने ठरते. कमकस जातीला घातलेले खत व पाणी बऱ्याच अंशी वाया जाते, हे पुंड्याच्या काळातील शेतकऱ्याने अनुभवले होते.

तेव्हा त्या शेतकऱ्याला इतकेच सांगावे की, त्याच्या शेतात आज उभा असलेला ऊस हाच त्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या उसाचा संकर घडला तेव्हा त्याचा खर्च ज्यांनी सोसला, त्यांना तो ऊस पाहावयास मिळेलच अशी खात्री नव्हती. आज आपण जो खर्च करू, त्याचे बेणे आपल्या मुलांच्या शेतात लागावयाचे आहे. ते लागावे असे वाटत असेल, तर खर्च आजच केला पाहिजे. आणि तो योग्य कामावर होतो की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहिलेही पाहिजे.